मोंढ्यातलं एक आडत दुकान आणि त्याचा सरळ काटा

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन घेऊन निघालेला शेतकरी बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो : आज काय भाव निघाला? भाव सौद्यात निघतो, बोली लावणारे खरेदीदार तो ठरवतात, आणि एकाच प्रतीच्या मालाला शेजारशेजारच्या दोन आडतींत, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानांत, फार मोठा फरक सहसा पडत नाही. पैसे गळतात ते सौदा झाल्यावर. ओलावा कसा मोजला, काटा कुठं मांडला, बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन, किती धरला आणि पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, कोणकोणत्या ओळी चढल्या, या चार जागी रास हलकी होते. म्हणून या परीक्षणात भावाबद्दल कमी आणि काटा-पट्टीबद्दल जास्त लिहिलं आहे.

दुकानाचं नाव दिलेलं नाही, कारण मालकांची तशी अट आहे. माणूस माळकरी, मोंढ्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माल घालणाऱ्यांना खूण एवढी पुरेल की या दुकानाच्या काट्याचा डिस्प्ले आत गादीकडं वळवलेला नसतो. तो ओट्याच्या कडेला, गल्लीकडं तोंड करून असतो. गाडीजवळ उभ्या माणसालाही आकडा दिसतो.

देवाचे फोटो मोंढ्यात प्रत्येक गादीवर आहेत. कुठं विठ्ठल-रखुमाई, कुठं महात्मा बसवेश्वर, कुठं लक्ष्मी, कुठं तुळजाभवानी. सकाळी उदबत्ती लागल्याशिवाय सौद्याला कुणी जात नाही, दिंडीला पंगत देण्यातही मोंढा मागं नसतो. ही भक्ती खोटी आहे असं म्हणायचं कारण नाही. पण त्याच गादीवर तोलाच्या वेळी किलोभर कडता, म्हणजे वजनातली सरसकट कपात, लागतो, आणि त्याच पट्टीवर ‘धर्मादाय’ म्हणून एक ओळ येते, तेव्हा प्रश्न पडतो. दान शेतकऱ्याच्या खिशातून कापायचं आणि पुण्य गादीच्या नावावर जमा करायचं, यात देवाला कुठं बसवायचं? या दुकानाच्या पट्टीवर ती ओळ नाही. ज्याला द्यायचं असेल त्याच्यासाठी ओट्यावर वेगळी पेटी आहे, आणि तिच्याकडं बोट दाखवून कुणी ‘टाका काहीतरी’ असं म्हणत नाही. अण्णांनी स्वतः काय दिलं तेही कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही.

आता काम कसं चालतं ते क्रमानं.

गाडी लागली की आधी ताडपत्री अंथरली जाते. गोष्ट बारीक वाटेल, पण हमालाचा हूक लागून कट्टा, म्हणजे पोतं, उसवतो, मूठ-दोन मूठ दाणे सांडतात, आणि मोंढ्यात सांडलेल्या दाण्याला मालक नसतो. दिवसभरात शंभर-दीडशे कट्टे उतरले तर झाडणीतच चांगली पायलीभर रास निघते. इथं तोल संपण्याआधी ताडपत्रीचे चारही पदर उचलून दाणे मधोमध घेतात, सुपानं माती पाखडतात आणि ते शेवटच्या कट्ट्यात पडतात. हा कट्टा काट्यावर चढल्याशिवाय तोल पूर्ण झाला असं तोलार म्हणत नाही.

मग नमुना. परखी, म्हणजे पोत्यातून दाणे काढायची टोकदार नळी, कट्ट्याच्या तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मारली जाते. वरवर मूठभर दाणे उचलले की माल तोंडापुरता कळतो, पोटातला कळत नाही. सगळे नमुने परातीत एकत्र करतात आणि पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवतात. याला कारण आहे. मोंढ्यातलं ओलावा मोजायचं यंत्र दाण्यातून विजेचा प्रवाह कसा वागतो त्यावरून अंदाज बांधतं. पहाटेचं दव दाण्याच्या सालीवर असेल तर आकडा फुगून येतो. उलट, उन्हात पसरलेल्या राशीतून गरम दाणा तसाच उचलला तर साल कोरडी आणि गाभा ओला, असा दाणा यंत्राला फसवतो. यंत्रावर पीक निवडायचं बटण असतं. आदल्या गिऱ्हाइकाचा हरभरा मोजून झाला आणि कुणी ते सोयाबीनवर आणायला विसरलं, तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. इथं कप फडक्यानं पुसून तीन वेळा मोजतात आणि तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून सरासरी काढतात. चिठ्ठी ढिगावर खोचलेली राहते. वानगीचे, म्हणजे नमुन्याचे, दाणे परत ढिगात जातात. हे शेवटचं मुद्दाम सांगायला हवं, कारण बऱ्याच ठिकाणी वानगी आणि तिच्यासोबत ‘चव’ म्हणून उचललेले दाणे गादीखालच्या पोत्यात जातात.

ओलाव्याच्या कपातीचा हिशोब मोंढ्यात फार कमी जणांना नीट माहीत असतो, म्हणून तो इथं देतो. तेल गिरण्यांचा व्यवहार बहुतेक १०-२-२ वर चालतो : १० टक्के ओलावा, २ टक्के मातेरं (माती-कचरा), २ टक्के डागी (खराब दाणे). माल १४ टक्के ओला असेल तर १०० किलोत कोरडा भाग ८६ किलो. हाच माल १० टक्क्यांवर वाळवला तर त्याचं वजन ८६ भागिले ०.९० म्हणजे ९५.५६ किलो भरेल. घट ४.४४ किलो. १३ टक्क्यांना ३.३३, १२ ला २.२२, ११ ला १.११. म्हणजे प्रत्येक टक्क्यामागं १ किलो ११० ग्रॅम. हा तक्ता दुकानाच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. टक्क्यामागं दीड-दोन किलो कापणारा माणूस पाण्याची नाही, सोयाबीनची कपात करतो. त्याहून मोठी लबाडी वेगळीच असते. काही खरेदीदार ओलावा बघून भाव कमी बोलतात, काही पूर्ण भाव बोलून वजनात कपात मागतात. दोन्हींपैकी एक रीत धरली तर व्यवहार रास्त आहे. पण ओल्या मालाचा म्हणून भाव पाडायचा आणि तोलाला परत ओलाव्याची कपात लावायची, ही एकाच पाण्याची दोनदा वसुली झाली. इथं सौदा सुटताना तोलार मोठ्यानं विचारतो : ‘भावात का वजनात?’ खरेदीदारानं उत्तर दिल्यावरच भाव वहीत चढतो.

सचोटी एका बाजूची नसते, हेही या दुकानात दिसतं. तोंडाशी पिवळाधमक दाणा आणि तळाशी पावसात भिजलेल्या बनीमचा, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाचा, काळपट माल भरून आणणारे शेतकरी आहेत. वजन वाढावं म्हणून रात्री राशीवर पाणी शिंपडणारेही आहेत. परखी तळापर्यंत गेली की हे उघडं पडतं. संत गोरोबाकाकांनी तेरला जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगितलं, ती कथा धाराशिव-लातूरकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. परखीचं काम तसंच. फरक असा की इथं कच्च्या मडक्याचा बोभाटा होत नाही. असा कट्टा निघाला तर मुनीम शेतकऱ्याला बाजूला घेतात, सगळ्यांसमोर बोलत नाहीत, आणि दोनच पर्याय ठेवतात : डागी माल वेगळा ढीग करून वेगळ्या सौद्याला लावायचा, नाहीतर सगळी रास परत न्यायची. मिसळून, ‘चालवून घेऊ’ म्हणत सौद्याला लावत नाहीत. यामुळं काही गिऱ्हाईक तुटलेलं आहे. पण खरेदीदार या ओट्यावर परखी न मारताही बोली लावतात ते याच कारणानं, आणि चांगला माल आणणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

काट्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

दुकानात ३०० किलो क्षमतेचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ५० ग्रॅमच्या फरकानं आकडा दाखवणारा. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली अशा काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. काट्यावर निरीक्षकाचा शिक्का बसतो. त्या शिक्क्यात वर्ष आणि तिमाही दोन्ही असतात. पडताळणीचं प्रमाणपत्र लोकांना दिसेल अशा जागी लावायचं असतं. ते इथं काट्याच्या मागच्याच भिंतीवर आहे, तारीख चालू वर्षाची. एवढं पाहून समाधान मानू नये, कारण शिक्का बरोबर असूनही तोल चुकू शकतो. काटा समतल नसेल, म्हणजे त्यावरच्या काचेतला बुडबुडा मध्यावर नसेल, तर वजन कमी येतं. तव्याखाली, म्हणजे ज्यावर माल ठेवतात त्या पत्र्याखाली, दाणे-माती अडकली, किंवा तव्याची कड भिंतीला टेकली, तर भार काट्यावर पूर्ण पडतच नाही. वर पंखा सुरू असेल तर आकडा नाचतो, आणि नाचत्या आकड्यातला खालचा आकडा लिहिला जातो. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे काटा रिकामा असताना शून्याच्या खाली उतरवून ठेवायचा. पहिला कट्टा चढण्याआधी डिस्प्लेवर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आहे का, एवढं प्रत्येकानं पाहावं.

इथं तोल सुरू होण्याआधी २० किलोचं शिक्क्याचं वजन तव्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर ठेवून दाखवतात. पाचही ठिकाणी २०.०० यावं लागतं. एखाद्या कोपऱ्यावर १९.९० आलं तर तोल थांबतो, तवा उचलून खाली साफ करतात आणि परत सगळं पहिल्यापासून. शेतकऱ्यानं मागणी करायची गरज नाही, रोजचा नियमच आहे. कट्टे एकेक तोलतात. दहा कट्टे तोलून सरासरी काढायची आणि बाकीचे त्याच वजनात धरायचे, ही पद्धत इथं नाही. वरचे ग्रॅम सोडत नाहीत. ५०.६५० आलं तर ५०.६५० लिहितात. ‘साडेपन्नास’ म्हणून मोकळं होत नाहीत.

बारदान्याचं उदाहरण घेऊन फरक सांगतो. समजा २० प्लॅस्टिकचे कट्टे आहेत, भरलेलं वजन १,०१२.४०० किलो. रिकामे वीसही कट्टे एकत्र तोलले तर २.४०० किलो भरतात, म्हणजे एक कट्टा १२० ग्रॅमचा. निव्वळ माल १,०१० किलो. क्विंटलला ४,४०० रुपये भाव धरला तर ४४,४४० रुपये होतात. आता याच मालाला ‘कट्ट्याला एक किलो’ अशी सरसकट बारदान कापली तर २० किलो गेले, म्हणजे खऱ्यापेक्षा १७.६ किलो जास्त, ७७४ रुपये ४० पैसे. त्यावर क्विंटलला एक किलो कडता लावला तर आणखी ४४० रुपयांच्या आसपास. दहा क्विंटल मालात बाराशे रुपये कुणाच्या डोळ्यांदेखत जातात आणि भाव मात्र ‘दोन्हीकडं सारखाच’ राहतो. ज्यूटचं पोतं जड असतं, अर्ध्या किलोच्या पुढं भरतं, तिथं जास्त कापणं रास्त आहे. म्हणून सरसकट आकडा न धरता रिकामा बारदाना तोलायला लावणं हाच उपाय. या दुकानात तो न सांगता तोलतात.

पट्टी त्याच दिवशी हातात पडते. तिच्यावर कट्ट्यांची संख्या, प्रत्येक कट्ट्याचं वजन (होय, प्रत्येक कट्ट्याचं, मागच्या बाजूला), बारदाना, निव्वळ वजन, भाव, खरेदीदाराचं नाव, हमाली, तोलाई आणि हाती येणारी रक्कम. हमाली-तोलाईचे मंजूर दर ओट्यावर लावलेले आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. ‘इतर खर्च’ असा रकानाच छापलेला नाही. नियमानं पैसे चोवीस तासांत मिळायला हवेत, इथं ते खात्यावर जमा होतात. खरेदीदाराकडून पैसे यायचे राहिलेत, असं सांगून शेतकऱ्याला थांबवत नाहीत. खरेदीदाराची उधारी हा आडतीचा धोका आहे, तो शेतकऱ्यावर ढकलायचा नाही, अशी इथली रीत.

दुकान बंद व्हायच्या आधी रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, जुळवला जातो. दहा-वीस रुपयांचा फरक निघाला तर तो ‘किरकोळ’ खात्यात टाकून वही मिटत नाहीत. फरक सापडेपर्यंत पट्ट्या परत मोजतात, कारण दुकानाकडं दहा रुपये जास्त उरले म्हणजे ते कुणाच्या तरी पट्टीतून आलेले असतात. सापडले की त्या शेतकऱ्याला फोन जातो. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशोबातली एका पैची चूक शोधत रात्रभर जागलेल्या नाथांची गोष्ट मराठवाड्यात कीर्तनातून ऐकलेली नाही असा माणूस विरळा. तिचा उत्तरार्धही सगळ्यांना ठाऊक आहे : चूक सापडल्यावर नाथांनी आनंदानं टाळी वाजवली, तेव्हा स्वामी म्हणाले की हेच लक्ष भगवंताकडं लागलं तर काय होईल. वहीतली चूक आणि मनातली चूक शोधायला लागणारं लक्ष एकच आहे, असं या दुकानाचं काम पाहताना वाटतं. भजन-पूजन किती वेळ चालतं यापेक्षा रोजमेळ जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही, ही इथली साधना जास्त भरवशाची वाटली.

अण्णा स्वतःच्या आडतीविरुद्धही सल्ला देतात, आणि तो नेमका देतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. माल १२ टक्के ओलाव्याच्या आत आणि स्वच्छ असेल, तर ‘इथं कशाला घालता, खरेदी केंद्रावर नोंदणी करा’ असं ते तोंडावर सांगतात. घाई नसेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सांगतात : माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी उचलायची, भाव बरा आला की विकायचं. तारणाला ठेवायचा माल आधी नीट वाळवलेला असावा, नाहीतर थप्पीच्या मधल्या कट्ट्यांना बुरशी धरते, हा इशाराही त्यासोबत असतो. सौद्यात निघालेला भाव पटला नाही तर माल न देण्याचा शेतकऱ्याचा हक्क इथं मान्य आहे. तोंड वाकडं होत नाही. ताडपत्रीचं भाडं लावत नाहीत.

आता जे खटकतं ते.

हे दुकान पेरणीला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. कारण पटण्यासारखं आहे : परवान्याशिवाय व्याजी पैसा देणं २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात बसत नाही, आणि उचल घेतलेला शेतकरी भाव पटला नाही तरी माल दुसरीकडं नेऊ शकत नाही. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला २४ टक्के, हे मांडून पाहिलं की उचलीचा फास कळतो. तरी जूनमध्ये बियाणं-खताला पैसे नसलेला माणूस बँकेच्या दारात आठवडे उभा राहू शकत नाही. तो उचल देणाऱ्या आडतीला बांधला जातो आणि हंगामात माल तिथंच घालतो, कडता-धर्मादायासकट. म्हणजे या सरळ काट्याचा लाभ ज्याच्या हाताशी चार पैसे आहेत त्यालाच जास्त मिळतो. अण्णांसारख्या माणसानं यावर काहीतरी वाट काढावी असं मनापासून वाटतं. निदान गावच्या सोसायटीतून पीककर्ज वेळेत मिळावं म्हणून कागदपत्रं करून देणारा एक माणूस दुकानात बसवला, तरी बरंच होईल.

दुसरी अडचण वेळेची. एकेक कट्टा तोलायचा म्हटलं की दीडशे कट्ट्यांना दोन तास सहज जातात. दसरा ते दिवाळी या काळात दुपारनंतर आलेल्या गाडीचा तोल दुसऱ्या दिवशी जातो, आणि रात्री राखणीला थांबावं लागतं. थांबणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ आणि पडवी आहे, पण पडवीत दहा-बारा माणसांपलीकडं जागा नाही. दुसरा काटा घेतला तर हे सुटेल. तोलावर स्वतःची नजर राहत नाही म्हणून दुसरा काटा नको, हे त्यांचं उत्तर पुरेसं वाटत नाही. आषाढीला अण्णा दिंडीबरोबर पायी जातात, तेव्हा दुकान मुनीम आणि तोलार चालवतात. त्या पंधरवड्यातल्या पट्ट्यांवरही प्रत्येक कट्ट्याचं वजन, ग्रॅमसकट, तसंच असतं. माणसं तयार आहेत, त्यांच्या हातात दुसरा काटा द्यायला हरकत नाही.

मातेऱ्याबाबतही सुधारणा हवी. २ टक्क्यांवर मातेरं निघालं तर माल चाळून आणायला सांगतात, पण दुकानात चाळणी यंत्र नाही. शेजारून भाड्यानं आणायचं तर त्याचा खर्च शेतकऱ्यावर. घरूनच रास झाल्यावर चाळून, दोन दिवस पातळ पसरून, दुपारी चारच्या आत कट्टे भरून आणणं स्वस्त पडतं. संध्याकाळची ओल धरलेला माल भरला की सकाळपर्यंत कट्ट्यात घाम सुटतो.

येताना आधारकार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवावी, खातं ज्याच्या नावावर त्याच्याच नावानं गेटवर नोंद करावी, म्हणजे पैसे अडकत नाहीत. शक्यतो सकाळी नऊच्या आत गाडी लावावी. रिकामे कट्टे परत हवे असतील तर सौद्याच्या आधीच मुनिमांना सांगावं लागतं, कारण खरेदीदार माल बारदान्यासकट उचलतो आणि नंतर पोत्यांचा हिशोब लावायला कुणाला सवड नसते.